पाझर मोजणारा माणूस

धरणावर आयुष्य काढलेल्या माणसाने जंगलावरचं प्रेम बोलून दाखवू नये, असं मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझं ठाम मत होतं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, कॉलेजात असताना नर्मदेच्या मोर्च्यांत घसा बसेपर्यंत ओरडलेली. आणि सासरे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, तेही कोयनेवर. स्थळ बघताना हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, की आलं होतं पण पत्रिकेत त्याला घर नव्हतं, कोण जाणे.

अण्णा कोयनानगरला आले ते भूकंपानंतर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जमीन हादरली, घरं पडली, माणसं गेली. धरणाच्या वरच्या भागात, भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. पुढे भिंतीला मागून काँक्रीटचा आधार द्यायचं काम निघालं, त्यावर ते पोरसवदा ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झाले. म्हणजे खोरं बुडालं त्यात त्यांचा हात नव्हता. हा बचाव माझ्या नवऱ्याने माझ्यापुढे कितीदा तरी मांडला. अण्णांनी एकदाही नाही. "आधी आलो असतो तर आधीचं काम केलंच असतं की," एवढंच म्हणायचे.

मला नेमकं हेच खुपायचं. दुर्बीण गळ्यात अडकवून नवजाच्या वाटेला लागणारे, सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की अख्ख्या घराला जीपमध्ये कोंबून डोंगरावर नेणारे हे गृहस्थ. आणि धरणामागच्या शिवसागर जलाशयाखाली काय काय गेलं हा विषय काढला तर चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मला त्यांच्याकडून पश्चात्ताप हवा होता. तो असता तर त्यांचं निसर्गप्रेम मी खरं मानलं असतं, असा तो हिशेब.

एकदा परवानगी काढून त्यांनी मला धरणाच्या पोटातली गॅलरी दाखवली. आत दमट गारवा, ओळीने पिवळे दिवे, भिंतीच्या कडेने गटार. त्या गटारात एक पत्रा आडवा बसवलेला, त्याला वरून कापलेली इंग्रजी व्हीसारखी खाच, आणि खाचेतून भिंतीचा पाझर वाहत होता. अण्णा गुडघे मोडून बसले, टॉर्च धरून पाण्याची पातळी वाचली, हवालदार लिहून घेतो तशी कागदावर उतरवली. "भिंत पाझरणारच," ते म्हणाले. "पाझर वाढला तर का वाढला ते शोधायचं. आणि एकदम कमी झाला तर जास्तच शोधायचं, कुठेतरी काहीतरी तुंबलंय." मला तेव्हा त्यात रस वाटला नाही. थंडी वाजत होती.

निवृत्तीनंतर कऱ्हाडच्या घरी त्यांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहायचा, खात्याच्या शिस्तीत. घरच्या लग्नात मुहूर्त त्याच सुमारास निघाला तर शेजाऱ्याला आदल्या दिवशी बोलावून नळकांडं कसं धरायचं ते शिकवून जायचे. ते गेल्यावर या वह्या माझ्या हाती आल्या, कारण घरात मराठी बरं लिहिते म्हणून स्मरणिकेतल्या चार ओळी माझ्याकडे होत्या.

वहीला तारीख, मिलिमीटर आणि शेरा असे तीनच रकाने. शेऱ्यात नवरंग पहिल्यांदा ओरडला तो दिवस. पावश्या. 'तांबट' लिहून त्यावर एक रेघ आणि शेजारी 'नव्हे, कुटुर्गा'. खोडरबर कुठेच वापरलेलं नाही. बहावा फुलल्यावर इतक्या दिवसांनी पाऊस येतो असं लोक सांगतात, त्याचा ताळा त्यांनी वर्षानुवर्षं घेतला होता आणि शेवटी समासात लिहिलं होतं, 'जुळत नाही. बघत राहावे.' आणि याच रकान्यात, त्याच अक्षरात, नातवाचा ताप, आईंचं ब्लडप्रेशर, माझ्या बाळंतपणाच्या रात्री दवाखान्याच्या गच्चीवरून ऐकलेलं घुबड. आईंची बोटं आखडायला लागली तेव्हाचा शेरा: 'नळ पिळताना डावा हात लावते.' दोन दिवसांनी: 'मोरीत व स्वयंपाकघरात दांड्याचे नळ बसवले.' ते नळ मी इतकी वर्षं वापरते आहे. कोणी बसवले आणि का, असं कधी मनातही आलं नव्हतं.

या माणसाने बायकोला कधी गजरा आणलेला मी पाहिला नाही. मुलांना जवळ घेणंही त्यांना जमायचं नाही. पण घरात कुठे काय पाझरतंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. झाडापाखरांवरची त्यांची माया इंजिनिअरिंगला उतारा म्हणून आली असेल, असं मी धरून चालले होते. आता वाटतं, ती आलीच मुळी त्या गॅलरीतून. बघायचं, लिहायचं, चुकलं तर शेजारी बरोबर ते लिहायचं, आणि समोरचं आपल्या मनासारखं वागेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. मला हवा असलेला पश्चात्ताप त्यात कुठे बसत नाही, आणि आता मी तो शोधतही नाही.

धरणाबद्दल मात्र माझं मत आहे तिथेच आहे. कोयनेच्या लोकांना ठाणे, रायगड, सोलापूर अशा लांबच्या जिल्ह्यांत नेऊन टाकलं, त्यातल्या कित्येकांची फरफट पुढच्या पिढ्यांनाही चुकली नाही. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि मागे उरलेल्या गावांवर पुन्हा उठायची वेळ आली. एका नातेवाइकाने तेराव्याच्या पंगतीत सांगितलं की धरण झालं म्हणूनच ते जंगल वाचलं. हेच वाक्य कोणीतरी अण्णांच्या साठीलाही म्हटलं होतं, तेव्हा अण्णा फटकन बोलले होते, "आम्ही काही वाचवलं नाही. तिथली माणसं गेली, म्हणून झाडं वाढली."

वाद घालायला ते पक्के होते. मी विस्थापितांवर आले की "बरोबर आहे तुझं, आता वीज कुठून आणू ते सांग" म्हणायचे. मी पवनचक्क्यांचं नाव घेतलं, तर म्हणाले, वनकुसवड्याला जा आणि पठार बघून ये. गेले. पवनचक्क्यांपर्यंत जायला काढलेल्या रस्त्यांनी सडा चिरला होता, आजूबाजूला सोनकी उरलीसुरली. ते सगळं मी त्यांना येऊन सांगितलं, आणि हेही सांगितलं की तरी तिथे कोणाचं गाव बुडालेलं नाही. यावर ते जरा थांबून "हे मान्य," म्हणाले, आणि लगेच पुढचा प्रश्न काढला: वारा पडला की काय करणार?