मोहगावचे ऊन आणि तुळशीची चुलत बहीण

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघाले की सौसर लागते आणि सौसरजवळच मोहगाव. अर्धनारीश्वराच्या देवळासाठी हे गाव ओळखले जाते. कारभार मध्य प्रदेशचा, पण ओट्यावरच्या गप्पा मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, सौसर-पांढुर्णा मात्र मध्य प्रदेशातच राहिले. त्याच दिवशी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले! २०२३ मध्ये सौसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला.

शिवारात कापूस आणि संत्री, पायाखाली काळी माती, डोक्यावर वैशाखाचे रणरणते ऊन. अशा अंगणात वर्षानुवर्षे टिकेल असे फुलझाड हवे असेल तर साल्व्हियाचा विचार करावा. नाव परदेशी असले तरी नाते घरातलेच आहे. तुळस, पुदिना आणि सब्जा, म्हणजे आपल्या कानडीतली कामकस्तूरी, ही सारी साल्व्हियाचीच भावंडे. काडी बोटांत फिरवून पाहा, ती चौकोनी लागते. पाने समोरासमोर, फुलाला दोन ओठ. साल्व्हियाच्या हजाराच्या आसपास जाती आहेत. हल्ली दुकानात मिळणारे चियाचे बी हेही एका साल्व्हियाचेच. अनेक जातींत मधमाशी फुलात शिरली की पुंकेसर तरफेसारखा खाली येतो आणि तिच्या पाठीवर पराग टेकवतो. मुलांना हे जरूर दाखवावे.

झाड मेले की आपण उन्हाला दोष देतो. प्रत्यक्षात काळ्या मातीत त्याचा घात करते ते पावसाळ्यात साचणारे पाणी. ही चिकण माती ओल धरून ठेवते आणि मुळे कुजतात. यावरचा उपाय पूर्वजांनी अंगणातच बांधून ठेवला आहे: तुळशीवृंदावन. उंच जागा, भरपूर ऊन, पाण्याला वाट. कानडी घरातले तुळशीकट्टे तरी दुसरे काय सांगते?

तेव्हा वीतभर उंच वाफा करावा. काळ्या मातीत वाळू किंवा बारीक मुरूम आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. खत फार झाले तर पाने माजतात, फुले रुसतात. दिवसभर उन्हाची जागा असेल तर निळा साल्व्हिया लावावा. लाल साल्व्हियाला दुपारची सावली मानवते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, फूटभर अंतरावर रोपे लावावीत. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे, तेही वरची माती सुकल्यावरच.

तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, तसेच याचे सुकलेले तुरे खुडावेत; नवे फुटवे येतात. बहर संपला म्हणून झाड उपटू नये. एक तृतीयांश छाटावे आणि मे महिन्यात थोडी सावली करावी. पावसाळ्यापूर्वी चार बोटे लांबीच्या, फूल नसलेल्या शेंड्यांच्या काड्या ओलसर वाळूत टोचाव्यात. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात आणि जुने झाड दगावले तरी वाण घरात राहतो.

एक सावधगिरी मात्र हवी. नाते तुळशीचे असले तरी शोभेच्या साल्व्हियाची पाने काढ्यात किंवा चहात टाकू नयेत. रोपवाटिकेत त्यावर औषधे फवारलेली असू शकतात, आणि स्वयंपाकातला सेज ही जातच वेगळी. यंदा दसरा-दिवाळीच्या सुमारास दोन रोपे आणावीत आणि वृंदावनाशेजारीच उंच वाफ्यात लावावीत.