आमोण्याच्या नदीवर जेट स्की: आधी नदी, मग यंत्र

पणजीहून जुने गोवे, बाणस्तारी, माशेल असे करत खांडोळ्याला आलात की रस्ता मांडवीवरच्या पुलावर चढतो. पूल उतरला की डिचोली तालुका, आणि पहिले गाव आमोणे. गावात बेताळाचे देऊळ, नदीकाठी कच्च्या लोखंडाचा कारखाना, मधे खाजन शेती आणि तिला खाऱ्या पाण्यापासून राखणारे मातीचे बांध. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ किंवा कुळाचे देव या पट्ट्यात आहेत. मुले मे महिन्यात येतात, आंबे-फणस खातात आणि संध्याकाळी पुलावर जाऊन नदीचे फोटो काढतात.

या भागात नदी हाच जुना रस्ता. पोर्तुगीज काळात दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. खांडोळ्याचा महागणपतीही मूळचा दिवाडीचा. तेव्हाची माणसे होडीने ये-जा करत. भरती कधी, ओहोटी कधी हे त्यांना घड्याळ न बघता कळत असे. आमच्या पिढीला ते कळत नाही, आणि तरी आम्हाला पाण्यावर वेगाने जायचे आहे.

हे लिहायचे निमित्त आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडले. माझ्या मामेभावाला एक जुनी जेट स्की विकत घ्यायची आहे. 'समुद्रावर गर्दी असते, आपल्या आमोण्याला नदी रिकामीच तर असते,' असे त्याचे म्हणणे. मामींचा प्रश्न एवढाच, 'पोरांना मागे बसवणार का?' मी इंजिनीअर म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. महिनाभर यंत्रांची माहितीपुस्तके वाचली, पाण्यावर काम करणाऱ्यांना विचारले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. आपण सगळे दुचाकीवर वाढलेले लोक. रस्त्यावर जी सवय आपल्याला वाचवते, तीच नदीवर अनेकदा उलटी पडते.

पहिली सवय म्हणजे भीती वाटली की अ‍ॅक्सिलरेटर सोडणे. स्कूटरवर हे बरोबरच आहे. जेट स्कीला मात्र सुकाणू नसते. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, पंपाचा पंखा ते मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकतो आणि हँडल फिरवले की ती तोटी फिरते. म्हणजे वळते ते पाण्याच्या झोतामुळे. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की झोत संपला, आणि झोत संपला की हँडल कितीही फिरवा, यंत्र आधीच्याच दिशेने सरळ जात राहते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोर होडी दिसल्यावर घाबरून हात सोडला, तर ३ सेकंदांत ४० मीटरच्या आसपास अंतर कापलेले असते, तेही बहुधा त्या होडीच्याच दिशेने. अडथळा टाळायचा तर थोडा अ‍ॅक्सिलरेटर ठेवूनच वळावे लागते. हे हाताला शिकवावे लागते, नुसते वाचून येत नाही. नव्या यंत्रांत ब्रेक आणि वळायला मदत करणारी सोय असते, पण जुन्या यंत्रात ती असेलच असे नाही. विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा.

गंमत म्हणजे या यंत्राची कल्पना ज्याची, तो क्लेटन जेकबसन मोटरसायकलच्या शर्यतींचा शौकीन होता. कावासाकीने १९७३ च्या सुमारास 'जेट स्की' बाजारात आणली, आणि वनस्पती तुपाला जसे सरसकट डालडा म्हणतात तसे या सगळ्या यंत्रांना तेच नाव पडले. मोटरसायकलसारखे हँडल आहे म्हणून आपण त्याला मोटरसायकलच समजतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

दुसरी सवय डावीकडून चालण्याची. पाण्यावर नियम उजवीकडचा आहे. अरुंद मार्गात उजव्या कडेने जायचे. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचे. वाटा एकमेकांना छेदत असतील तर तुमच्या उजव्या हाताला जो आहे त्याला आधी जाऊ द्यायचे. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे आहे. त्यातच असेही आहे की २० मीटरपेक्षा लहान नौकेने, अरुंद मार्गाबाहेर जाऊ न शकणाऱ्या मोठ्या नौकेची वाट अडवू नये. आपण गोंधळाच्या क्षणी डावीकडे ओढले जातो, म्हणजे नेमके समोरच्याच्या वाटेत.

तिसरा गैरसमज नदी रिकामी असल्याचा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या वर्षांत मोठी झालेली मुले मांडवी शांत पाहतच वाढली. पण लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आणि खनिजाच्या बार्ज ही या नदीची जुनी ओळख आहे. उसगावच्या पुलापासून रेईश मागूशपर्यंतची ४१ किलोमीटरची मांडवी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६८ आहे. आमोणे याच पट्ट्यात येते. म्हणजे मामेभावाला जे अंगण वाटते, तो कागदोपत्री हमरस्ता आहे.

बार्जला जागच्या जागी थांबता येत नाही. इंजिन उलटे फिरवले तरी ती आपल्या लांबीच्या कित्येक पट पुढे सरकते. शिवाय चालकाची खोली मागच्या टोकाला असते, त्यामुळे नाकासमोरचे पाणी त्याला दिसतच नाही. रिकामी बार्ज पुढून वर उचललेली असते, तेव्हा न दिसणारा भाग आणखी वाढतो. तुम्हाला बार्ज दिसते म्हणून बार्जवाल्याला तुम्ही दिसता असे नाही. तिच्या पुढून आडवे जायचे नाही, लाटेवर उड्या मारायला मागे लागायचे नाही, आणि बाजूने खेटून जायचे नाही, कारण चालत्या बार्जच्या कुशीत पाणी ओढ घेते.

आमोण्याहून खाली निघालात की नदी सारमानसच्या बाजूला जाते. तिथून पलीकडे टोंकाला फेरी, पुढे नार्वे आणि दिवाडीची फेरी. फेरीच्या वाटेत वेग एकदम कमी करायचा, कारण फेरीवर दुचाकीस्वार उभे असतात आणि धक्क्याला लागताना ती डोलली तर माणसे पडतात. काठाकाठाने जाळी बांधायला खुंट रोवलेले असतात. ओहोटीला ते दिसतात, भरतीला बुडतात. लहान होडीत बसून गळ टाकणारा माणूस तुमच्या लाटेने उलटू शकतो. आणि बांध. खाजनाचे बांध मातीचे आहेत. वेगाने काठाजवळून गेलेल्या प्रत्येक यंत्राची लाट त्यांच्यावर आपटते आणि थोडी माती घेऊन जाते. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन पुन्हा भातासाठी तयार व्हायला वर्षे जातात. काठाजवळ चालण्याच्या वेगाने जावे, एवढे केले तरी पुष्कळ झाले. खाली लागणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, हेही लक्षात ठेवा. तिथे पोहायला उतरायचे नाही.

आता पाण्याचे गणित. मांडवीत भरतीचे पाणी मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत पोचते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुखाजवळ चढउतार सुमारे २ मीटरचा, भांगाच्या दिवसांत त्याच्या निम्मा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत याच हिशेबावर बसलेली आहे. मात्र आमोणे मुखापासून आत असल्याने इथे भरती पणजीपेक्षा उशिरा येते. ओहोटीबरोबर खाली गेलात तर येताना प्रवाह अंगावर असतो आणि पेट्रोल जास्त लागते. म्हणून टाकीचे तीन भाग करावे: एक जायला, एक यायला, एक हात न लावता राखीव. पावसाळ्यात हा हिशेबच बदलतो. घाटातले पाणी ओंडके घेऊन येते आणि नदी लाल होते. त्या महिन्यांत यंत्र शेडमध्येच बरे.

अंगावर काय असावे, याचे उत्तर एका शब्दात: लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ नौदलाच्या एका वेगवान बोटीचे नियंत्रण सुटले आणि ती 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून जास्त माणसे गेली. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर प्रवाशांना जॅकेट सक्तीचे झाले. आठवडाभरातच, नाताळच्या दिवशी, कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला. मुलांना मुलांच्याच मापाचे जॅकेट हवे. घालून बंद बांधा आणि खांद्याला धरून वर उचला. कानापर्यंत सरकले तर ते सैल आहे. मामींच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. ज्या मुलाचे पाय खाली पायठाणावर टेकत नाहीत आणि ज्याला पुढच्याला घट्ट धरता येत नाही, त्याला बसवायचे नाही. मागे बसणाऱ्यांनी जाड पोहण्याची पँट घालावी, कारण मागे पडल्यावर झोताचा जोर शरीराला गंभीर इजा करू शकतो. ओढणी, सैल दोऱ्या, मोकळे लांब केस पंपाच्या जाळीत ओढले जातात.

दुसरी न विसरायची गोष्ट म्हणजे मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची दोरी. चालवणारा पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होते. ती हँडलवर गुंडाळून ठेवणे म्हणजे विजेच्या पेटीत फ्यूजऐवजी जाड तार घालणे. यंत्र उलटले तर मागच्या बाजूला बाण असलेली चिकटपट्टी असते, त्याच दिशेने सरळ करायचे. उलट दिशेने फिरवले तर इंजिनात पाणी जाते. वर चढायचे ते नेहमी मागून, इंजिन बंद ठेवून. हे सगळे आधी कुणा जाणकारासमोर करून बघावे. पणजीजवळ केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवण्याचे प्रशिक्षण मिळते. नोंदणी, विमा आणि परवान्याचे पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयात विचारून घ्या. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला आहे, त्यामुळे 'आधीच्या मालकाने काही केले नव्हते' हे उत्तर चालणार नाही.

देखभालीचे म्हणाल तर यंत्र घरी आणल्यावरचा अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा. उन्हाळ्यात आमोण्याचे पाणी मचूळ असते आणि त्यात लाल गाळ असतो. मीठ आणि गाळ दोन्ही धुऊन काढायला हवेत. बाहेरचे पाणी घेऊन थंड होणाऱ्या इंजिनात क्रम असा: पाइप जोडा, आधी इंजिन सुरू करा, मग नळ उघडा. संपवताना आधी नळ बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी उलटे सिलिंडरपर्यंत जाऊ शकते. आपल्या यंत्राच्या पुस्तकात वेगळे सांगितले असेल तर पुस्तकाचे ऐका. मागची बुचे काढून आतले पाणी काढा, आणि पुढच्या वेळी पाण्यात उतरवण्याआधी ती घट्ट लावली का हे बघा. सुरू करण्याआधी सीट काही मिनिटे उघडी ठेवा. पेट्रोलचा वास आला तर किल्ली लावायचीच नाही. कंबरेपेक्षा कमी पाण्यात इंजिन चालवले की पंप चिखल आणि खडे ओढतो. इंजिन ओरडते पण यंत्र पुढे जात नाही, असे झाले तर जाळीत पिशवी किंवा शेवाळ अडकले असणार. इंजिन बंद करून, दोरी काढून, मगच हात घाला.

मामेभावाने अजून पैसे दिलेले नाहीत. प्रशिक्षणाची चौकशी मात्र केली आहे, आणि मामींना तेवढ्यानेच बरे वाटले. पाण्यावर मजा करू नये असे मला अजिबात म्हणायचे नाही. आपल्या पिढीने नदीकडे पुन्हा जावे असेच वाटते. फक्त निघताना घरी सांगावे, कुठे जातो आणि किती वाजता येतो, आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी परतावे, कारण या यंत्रांना रात्रीचे दिवे नसतात.

पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन आमोण्याला गेलात तर पुलावर १० मिनिटे थांबा. पाण्यावर तरंगणारे एखादे पान दाखवा आणि विचारा, ते पणजीकडे चालले आहे की घाटाकडे? पान घाटाकडे जाताना पाहिले की मुले चकित होतात. भरती म्हणजे काय ते त्यांना तिथेच कळेल, आणि पुढे कधी ती या नदीत उतरली तर तेवढे नक्की आठवेल.