कागदावर राहिलेला देव

माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर खिळ्याला एक टी-शर्ट टांगलेला आहे. त्यावरच्या खंडोबाच्या घोड्याला आठ पाय आहेत. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे कसलं डिझाइन?" मी म्हणतो, "शिक्षण." फी किती पडली ते सांगत नाही. आज सांगतो.

दुकान अणदूरला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत. आधी झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका असं चालायचं. मोबाइलने फोटोचा धंदा खाल्ला तेव्हा मी सब्लिमेशनमध्ये, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने टी-शर्टवर उतरवण्याच्या धंद्यात, शिरलो. टाकीवाला प्रिंटर, त्यात सब्लिमेशनची शाई, 100 जीएसएमचा कागद आणि 15 बाय 15 इंचाची हीट प्रेस. विकणाऱ्याने अर्ध्या तासात सगळं शिकवलं. चित्र उलटं छापायचं, टेपने चिकटवायचं, 200 डिग्री, 45 सेकंद. मलाही वाटलं, अर्ध्या तासात सगळं आलं.

पहिली आपटी कापडात खाल्ली. सोलापूर जवळ, सुती मालाला तोटा नाही. मी कबड्डीच्या पोरांसाठी मुद्दाम चांगले, शंभर टक्के कॉटनचे टी-शर्ट आणले. पॉलिस्टरपेक्षा महाग पडले. छपाई जरा फिकी आली, पण मी ती 'सोबर' म्हणून खपवली. दोन धुण्यांत पाठीवरचे नंबर गेले आणि पोरं मैदानात एकमेकांना नावानं हाका मारायला लागली. सब्लिमेशनचा रंग तापला की पातळ न होता थेट वाफ होतो, आणि ती वाफ उष्णतेने सैल पडलेल्या पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुताच्या धाग्यात तिला जागा नसते. हे मला कापड विकत घेण्याआधी कळायला हवं होतं, ते पैसे परत देताना कळलं.

पण खरी गोष्ट यात्रेची आहे.

आमच्याकडे देव एक आणि देवळं दोन. खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला असतो, हिवाळ्यात नळदुर्गजवळ मैलारपूरला मुक्कामाला जातो. पौष पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. त्या वर्षी एका मंडळाच्या पोरांनी साठ टी-शर्टची ऑर्डर दिली. छातीवर घोड्यावरचा खंडोबा, खाली 'येळकोट येळकोट जय मल्हार'. पोरं आली उशिरा आणि मी हो म्हणालो लगेच. सकाळी सहाला माल द्यायचा ठरला.

रात्री नऊला प्रेस तापवली. काम भराभर व्हावं म्हणून टेपचं रोल हाताशी पाहिजे होतं, म्हणून मी ते प्रेसच्या कंट्रोलच्या डब्याच्या कोपऱ्याला अडकवलं. एवढी युक्ती सुचल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो. वेळ झाली की मशीन ओरडतंच, त्यामुळे डब्याकडे बघायची गरज नव्हती. कानावर काम चाललं होतं.

पहिले बारा-चौदा टी-शर्ट असे आले, की मी एक उजेडात धरून बायकोला दाखवला. मग रंग उतरायला लागला. पिवळा मळकट, काळा तपकिरी. विसावा टी-शर्ट तर दहा वर्षं वापरल्यासारखा दिसत होता.

माझा संशय सरळ प्रिंटरवर गेला. छपाई बिघडली म्हणजे छापणारा बिघडला, याहून जास्त विचार मी केला नाही. नोझल चेक काढला. चारही रंगांच्या रेघा अखंड, एकही तुटलेली नाही. त्या कागदावर उत्तर लिहिलेलं होतं की प्रिंटर ठीक आहे. मी तो कागद चुरगाळला आणि हेड क्लिनिंग मारलं.

एकदा मारलं, दोनदा मारलं. मग सवयच लागली, देवळासमोरून जाताना हात जोडावेत तशी. दर क्लिनिंगला प्रिंटर चांगली शाई ओढून खालच्या स्पंजात टाकतो, हे मला माहीत होतं. तरी आठ-नऊ वेळा मारलं. मधल्या वेळात कॉम्प्युटरवर चित्रही गडद केलं, पिवळा वाढवला. कागदही बदलला, दुसऱ्या पाकिटातला घेतला. म्हणजे तीन गोष्टी एकदम हलवल्या. आता काही सुधारलं असतं तरी कशाने सुधारलं ते मला कळलं नसतं, आणि सुधारलं तर काहीच नव्हतं. उलट इतक्या क्लिनिंगनंतरच्या नोझल चेकमध्ये निळ्याच्या रेघा खरोखरच तुटल्या. शाई ओढून ओढून नळीत हवा शिरली होती. धडधाकट माणसाला सलाइन लावून लावून मी आजारी पाडलं होतं.

साडेबाराला बायको चहा घेऊन आली. मी वापरलेले कागद खाली फेकत होतो, ते गोळा करून ती एकावर एक ठेवायला लागली. पसारा तिला बघवत नाही. दोन कागद हातात धरून थांबली.

"अहो, ह्यातला देव गेलाय, आन् ह्यात तर अजून तसाच हाय की."

मी बघितलं. सुरुवातीच्या कागदांवर नुसती पुसट सावली उरली होती. नंतरच्या कागदांवर घोडा, ढाल, तलवार सगळं जागच्या जागी. शाई प्रिंटरमधून कागदावर नीट उतरली होती, कागदावरून कापडात गेलीच नव्हती. देव निघाला होता, पण दुसऱ्या देवळात पोचला नव्हता.

मी टेपचं रोल बाजूला केलं. डिस्प्लेवर लाल आकडा होता: 168.

रब्बीचे दिवस. रात्री शेतीपंपांना लाइट आली की आमच्याकडचे बल्ब डोळे बारीक करतात. व्होल्टेज पडलं की प्रेसची कॉइल तापायला वेळ लागतो, आणि दर वेळी मी गार टी-शर्ट घालून तिची आणखी उष्णता खात होतो. 45 सेकंद झाले की टायमर इमानाने ओरडत होता. त्याला फक्त वेळ कळते. तीन तास तो आकडा माझ्या नाकासमोर जळत होता आणि मी त्याच्यावर टेप टांगली होती.

इथे थांबलो असतो तरी बरं होतं. पण डोकं चालायला लागलं की माणूस जास्त धोकादायक होतो. मला वाटलं, कागदावर शाई शिल्लक आहेच, तर तोच कागद त्याच टी-शर्टवर पुन्हा लावू, प्रेस पूर्ण तापू देऊ. अक्कल म्हणून वाईट नव्हती. पण काढलेला कागद पुन्हा त्याच जागी बसवायचा म्हणजे सुतभर इकडेतिकडे होणारच. झालंही. देवाला चार डोळे आले आणि घोड्याला आठ पाय. असे सहा टी-शर्ट घालवल्यावर मी शहाणा झालो.

उरलेल्यांसाठी नव्याने छापायला घेतलं. निळ्याच्या तुटक्या रेघांमुळे आता छपाईत आडवे पट्टे यायला लागले. शिवाय चित्र मी गडद करून ठेवलं होतं ते मूळचं करायचं विसरलो. प्रेस आता बरोबर 200 वर, त्यामुळे सगळा गडदपणा इमानदारीत कापडात उतरला. पांढरा घोडा राखाडी झाला.

सकाळी पोरं आली. चांगले एकोणीस होते. बाकीचे मी अर्ध्या भावात दिले, सहा दिलेच नाहीत. पुढारी पोरगा एक टी-शर्ट उलटापालटा बघत म्हणाला, "काका, असू द्या. भंडारा उधळला की सगळे सारखेच दिसणारेत." त्याचं खरं ठरलं. मी पाठीमागून यात्रेला गेलो, तेव्हा त्यातला एकही टी-शर्ट पांढरा उरला नव्हता, त्यामुळे चांगलाही ओळखू येत नव्हता. त्या दिवशी भंडाऱ्याइतका उपकार माझ्यावर कुणी केला नाही.

प्रिंटरने नाही केला. आठवड्याने त्याचे दिवे लुकलुकायला लागले. फुकट टाकलेल्या शाईने खालचा स्पंज भरला होता. तो घेऊन सोलापूरला गेलो. मेकॅनिकने मागचं झाकण काढलं, काळाभोर स्पंज चिमट्याने वर उचलला आणि विचारलं, "किती वर्षं वापरता?" मी म्हणालो, "सात महिने." तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. स्पंज, हेडची सफाई, वाया गेलेली शाई, बिघडलेले टी-शर्ट असा हिशोब मांडला तर ती ऑर्डर मी पदरचे साडेचार हजार घालून पुरी केली होती.

आता प्रेसला स्टॅबिलायझर आहे. टेपचं रोल भिंतीला असतं. कॉम्प्युटरशेजारी एक वही आहे, तिच्यात एका वेळी एकच बदल लिहितो, आणि हे नेहमी जमतं असं नाही. मोठी ऑर्डर असली की बायको खुर्ची घेऊन शेजारी बसते. पहिला कागद सोलून निघाला की तो ट्यूबलाइटसमोर धरते, पुढून बघते, मागून बघते.

"गेला," म्हणते.

मग मी दुसरा लावतो.