वारुळावरची अळंबी

श्रावणात दोन दिवस पाऊस कोसळून मग ऊन पडलं, की आमच्या कुडाळकडच्या गावात माणसं पहाटे बॅटरी घेऊन गुपचूप बाहेर पडतात. विचारलं तर म्हणतात, "असोच, पाय मोकळे करूक." अळंबीची जागा कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. मला ती काकीने दाखवली, तीही मी एकदा नको ते खाऊन आडवा झाल्यावर.

त्या वर्षी मी घरामागच्या गवतातून चार मोठ्या पांढऱ्या छत्र्या आणल्या. शिजवताना लसूण काळी पडली नाही, म्हणून निर्धास्त खाल्ल्या. दोन तासांत उलट्या सुरू. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "एखादी कच्ची उरलीय का?" एकही नव्हती. लसणीची परीक्षा, चांदीच्या नाण्याची परीक्षा, सगळं थोतांड. काही अळंब्यांचं विष उकळूनही जात नाही. सगळ्यात घातक जातींत तर पहिली उलटीच सहा-बारा तासांनी होते. तोवर यकृताला झळ लागलेली असते.

"मूळ बघल्याशिवाय घरात हाडू नको," काकी म्हणाली. वारुळावरची माती ती बोटांनी उकरत गेली. देठ संपेचना. बारीक होत होत तो वीतभर खाली, वाळवीने पोसलेल्या बुरशीच्या पोळ्याकडे गेलेला. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा, देठावर कडं नाही, बुडाशी पिशवी नाही. माझ्या गवतातल्या छत्रीला कडं होतं! मुळापर्यंत अशी एकच काढून बघायची, बाकीच्या हलक्या हाताने खुडायच्या. वारूळ फोडलं तर पुढच्या वर्षी काय खाणार?

साफ करणं मात्र कंटाळवाणं. देठाची माती सुरीने खरवडायची, दोन पाण्यांतून काढायची आणि अळंबी हातानेच उभी फाडायची. तेलावर कांदा, हळद, मालवणी मसाला, मग अळंबी. पाणी घालायचं नाही. झाकण ठेवलं की तीच सोडते. ते आटत आलं की भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप आणि दोन सोलं. सोबत तांदळाची भाकरी. मटणाची आठवण येते असं लोक म्हणतात. मला नाही येत, मला ओल्या मातीची येते.

एक अळंबी मात्र दर वेळी मी कच्चीच कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवतो.