विजयस्तंभाच्या वाटेवर गाडी आणि माणसे

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, वस्त्यावस्त्यांत एकच विचारपूस सुरू होते : "यंदा भीमा कोरेगावला कशाने जायचं?" पूर्वी एस.टी. नाहीतर ट्रक. आता कुणाच्या दारात जुनी व्हॅन उभी आहे, कुणी हप्त्यावर छोटी मोटार घेतली आहे. घामाच्या पैशातून घेतलेल्या गाडीत आईवडिलांना बसवून १ जानेवारीला मानवंदनेला न्यावे, याचा आनंद वेगळाच. मात्र जितकी माणसे निघाली तितकी धडधाकट घरी परतली, तरच तो प्रवास पूर्ण झाला म्हणायचा.

नगरपासून पेरणे फाटा सुमारे ९० कि.मी. केडगाव मागे पडले की चास, मग कामरगावचा घाट, पुढे सुपे. घोड नदी ओलांडली की शिरूर, म्हणजे पुणे जिल्हा लागला. नंतर रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी आणि शेवटी भीमेचा पूल. पाथर्डीकडची मंडळी आधी करंजी घाट ओलांडून नगरला येतात. संगमनेर-अकोल्याची माणसे चंदनापुरी घाटातून नाशिक-पुणे रस्ता धरतात. म्हणजे कुठूनही निघा, घाट काही चुकत नाही.

शिवाय हे दिवस ऊसतोडीचे. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, बाहेर लोंबणारा ऊस आणि अनेकदा मागे ना दिवा ना चमकपट्टी. पहाटेच्या धुक्यात असा ट्रेलर अगदी जवळ गेल्यावर दिसतो. त्यात ३१ डिसेंबरच्या रात्री पिऊन गाडी चालवणारेही रस्त्यावर असतात. म्हणून रात्री निघण्याची घाई नको. चांगले उजाडू द्या, मग निघा.

गाडी आठ दिवस आधी मेकॅनिककडे न्या. ब्रेक, क्लच, दिवे, वायपर, रेडिएटरचे पाणी त्याच्याकडून तपासून घ्या. टायरची नक्षी १.६ मि.मी.पेक्षा कमी उरली असेल तर तो टायर कायद्यानेही बाद. हवा टायर थंड असताना भरावी. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. स्टेपनीतही हवा पाहा. जॅक आणि पाना गाडीत आहे ना, तेही बघा. विमा, पीयूसी, लायसन यांच्या तारखा घरीच वाचून ठेवा.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. खालच्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते.

आता माणसांचे. पाच जणांच्या गाडीत नऊ जण कोंबले, तर ब्रेक लागायला जास्त अंतर लागते आणि पट्टे पुरत नाहीत. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आईला वाटते, मी घट्ट धरले आहे. पण गाडी धडकली की त्या लेकराचा भार क्षणात कित्येक पट होतो. कुठल्याच आईचे हात तो पेलू शकत नाहीत. लेकरे मागे बसवा आणि पट्टा सर्वांनी बांधा, मागच्यांनीही. मागच्या सीटवर पट्टा न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. पण तो दंडासाठी नव्हे, जिवासाठी बांधायचा. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या हाताशी ठेवा. गर्दी अफाट असते. प्रत्येक मुलाच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : चालवणार कोण? १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला टांगेवाले तयार होईनात. पाहुण्याला पायी नेणे वस्तीतल्या लोकांना बरे वाटेना. त्यांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एक जण पुढे बसला. पुलाच्या फरशीत चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. टांगा घोड्यासह नदीत पडला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पाहुण्याचा मान राखताना त्याच्या जिवाचा विचार राहून गेला, हे शल्य त्यांनी त्यात मांडले आहे. त्या लोकांपुढे जातीने दुसरा मार्ग ठेवला नव्हता. आपल्यापुढे आज मार्ग आहे. सुप्याच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेल्या मुलाला तसेच स्टेअरिंगवर बसवू नका. नुकतेच लायसन मिळालेल्या पुतण्याची हौस त्या दिवशी पुरवू नका. पक्का हात नसेल तर एस.टी.ने जाण्यात कसला कमीपणा?

गाडी भाड्याने घेणार असाल तर पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला, तर विम्याची भरपाई अडकू शकते. त्या दिवशी पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक वळवतात आणि गाड्या अलीकडेच वाहनतळावर लावून पुढे बसने जावे लागते. यंदाची जागा पोलीस जाहीर करतील, ती वर्तमानपत्रात पाहून ठेवा. वाटेत काही झाले तर पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. दुसऱ्याचा अपघात दिसला तरी थांबा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

किल्ली फिरवण्याआधी गाडीतली माणसे मोजा, पट्टे मोजा. दोन्ही आकडे जुळले की निघा. जयभीम!