चिनहटचे दोन श्रावण

उत्तर हिंदुस्थानातील श्रावण महाराष्ट्रातील श्रावणाहून पंधरा दिवस आधी लागतो आणि पंधरा दिवस आधी सरतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, इकडे अमावास्येला. शुक्लपक्ष मात्र दोघांचा एकच. त्यामुळे नागपंचमी आणि राखीपौर्णिमा दोन्हीकडे एकाच दिवशी येतात आणि हा भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो ध्यानात येतो तो मराठी पंचांग घेऊन उत्तरेत राहणाऱ्या माणसाच्या. लखनौच्या पूर्वेस, फैजाबादच्या रस्त्यावर, चिनहट येथे एका मराठी कुटुंबाचे घर आहे. या घरात दरवर्षी एक महिना पुण्याहून येऊन राहणाऱ्या बाईंना हा पंधरा दिवसांचा फरक लहानपणापासून ठाऊक होता. त्या येत दिव्याच्या अवसेला आणि परतत पिठोरी अमावास्या झाल्यावर. त्या येत तेव्हा शेजाऱ्यांचा सावन अर्धा उलटून गेलेला असे. शेजाऱ्यांचा भादों लागला तरी बाईंचा श्रावण अर्धा उरलेला असे.

हे कुटुंब लखनौला आले ते संगीताच्या निमित्ताने. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे मॅरिस कॉलेजची स्थापना केली, आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर दीर्घकाळ त्याचे प्राचार्य होते. या संस्थेमुळे जी मराठी घरे या शहरात रुजली त्यांपैकी हे एक. वडिलांनी साठीच्या दशकात शहराबाहेर चिनहटला जागा घेतली. त्या काळी तेथे भातशेती, आंब्याच्या बागा, एक मोठे तळे आणि चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यांचा उद्योग, एवढेच होते. जागा सखल असल्याने त्यांनी प्रथम भराव घालून उंच चौथरा करविला आणि त्यावर घर बांधले. पावसाळ्यात चोहोबाजूंच्या खाचरांत पाणी चढे आणि घराचे बेट होई. वडील या दिवसांची वाट पाहत. शिकवण्या बंद, येणेजाणे बंद. दूध आणि भाजी माळी गुडघाभर पाण्यातून आणून देई. त्या दिवसांत घरात वाचन चाले. आईची पोथी सकाळी, वडिलांची पुस्तके दुपारी, आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात ज्याला जे हाती लागेल ते.

वडील गेले, मग भाऊ गेला. आता घर अकरा महिने बंद असते. शेजारच्या जमिनींवर वसाहती उठल्या आहेत. प्रत्येक नव्या घराचा जोता आधीच्यापेक्षा हातभर उंच, आणि रस्ता दर डांबरीकरणाला आणखी वर चढतो. पूर्वी हे घर उंच होते म्हणून बेट होत असे. आता ते खाली राहिले आहे म्हणून होते. पूर्वीचे पाणी आभाळातून शेतात उतरलेले, त्यात बेडूक आणि बगळे असत. आताचे पाणी गटारातून वर येते आणि ओसरताना अंगणात प्लास्टिकच्या पिशव्या ठेवून जाते. एकाच चौथऱ्याची ही दोन बेटे. नाव एक असले तरी त्यांची जात एक नाही.

ऋतूपुरते एका जागी थांबण्याची रीत या भूमीत फार जुनी आहे, आणि ती वाचनाशी, निदान श्रवणाशी, बांधलेली आहे. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, जैन मुनींचा आणि पुढे सगळ्यांचाच चातुर्मास, यांमागील व्यावहारिक कारण चिखल आणि पूर हेच होते; परंतु चालणे थांबले की सांगणे सुरू होते. बुद्धाचे अनेक वर्षावास श्रावस्तीला झाले असे परंपरा सांगते, आणि श्रावस्ती हीही याच कोसलदेशातली. शेवटचा वर्षावास वैशालीजवळच्या बेलुव गावी झाला. तेथल्या आजारपणानंतर आनंदाला जो उपदेश केला गेला त्यातला 'दीप' हा पाली शब्द अभ्यासकांना सतत छळत आला आहे. संस्कृतातील दीप आणि द्वीप हे दोन्ही शब्द पालीत एकच रूप घेतात. स्वतःचा दिवा व्हा, की स्वतःचे बेट व्हा? संस्कृत पाठात द्वीप आहे. पुराच्या देशात, पावसाळ्याच्या दिवसांत बोललेल्या शब्दाचा अर्थ बेट असणे अधिक स्वाभाविक, असे वाटते खरे. पण दिवा हा अर्थ लोकांच्या मनात इतका ठसला आहे की त्याला आता चूक म्हणणे कठीण. दिव्याच्या अवसेला कणकेचे दिवे लावून आपल्या बेटावर मुक्काम सुरू करणाऱ्या बाईंना यांतला एक अर्थ निवडण्याचे कारणच नव्हते.

बेटावरच्या ऋतुनिवासाचे आधुनिक साहित्यातले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फिनलंडची तूवे यान्सन. फिनलंडच्या आखातातल्या क्लोवहारून नावाच्या उघड्या खडकावर १९६० नंतरच्या दशकात तिने एका खोलीचे घर बांधले आणि पुढे कित्येक उन्हाळे तेथे काढले. १९७२ सालचे तिचे 'उन्हाळ्याचे पुस्तक' हे आजी आणि नात यांच्या बेटावरील दिवसांचे आहे. त्यातले बेट माणसाने मुद्दाम निवडलेले आहे. तेथे जाणे म्हणजे जगापासून दूर होणे. चिनहटचे बेट कोणी निवडत नाही. ते वर्षातून दोनतीनदा घराभोवती येऊन उभे राहते आणि चार दिवसांनी निघून जाते. शिवाय ते निर्जन नाही: समोरच्या गच्चीवरून शेजारीण विचारत असते, "बुआजी, कुछ चाहिए तो नहीं?"

या वर्षीचा मुक्काम नेहमीसारखा नव्हता. घर विकण्याचे ठरले होते आणि पुस्तकांची वासलात लावणे हे काम बाईंच्या वाट्याला आले होते. चार कपाटे, त्यांत बहुतेक मराठी पुस्तके. बाई स्वतः आयुष्यभर ग्रंथपाल होत्या. त्यामुळे पुस्तके काढून टाकण्याच्या कामाचे नियम त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी नियम बाजूला ठेवले आणि एकच ठरवले, की जे पुस्तक द्यायचे ते आधी वाचायचे. महिनाभरात चार कपाटे वाचून होत नाहीत हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

दिवसाचा क्रम साधा होता. पहाटे पाणी येई तेव्हा ते भरून ठेवायचे, मग चहा, मग 'शिवलीलामृता'चा एक अध्याय. श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीत पूर्ण केलेली ही पोथी आई श्रावणात वाची; बाई ती श्रद्धेने वाचत होत्या की सवयीने, हे त्या कोणाला सांगत नसत. अकरा वाजता माळ्याची बायको भुट्टे, भेंडी आणि शेवटचे चौसा आंबे घेऊन येई. जेवण, थोडी झोप, आणि मग दिवेलागणीपर्यंत वाचन. नागपंचमीला बाईंनी काही चिरले नाही, तळले नाही, पुरणाची दिंडे वाफवली. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या मुली चिंध्यांच्या बाहुल्या घेऊन निघाल्या आणि मुलांनी त्या रंगीत छड्यांनी झोडपल्या; अवधात या सणाचे नावच 'गुड़िया' आहे. एकाच तिथीला एका घरात विळीसुद्धा चालवायची नाही आणि दाराबाहेर काठ्या चालतात. लहानपणी बाईंनी त्या दोन्ही गोष्टी केल्या होत्या आणि त्यांत विसंगती आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात सलग पाऊस लागला. पाणी दुसऱ्या पायरीवर आले, वीज गेली, आणि त्या तीन दिवसांत बाईंच्या हाती विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आला. कपाटात त्याच्या दोन प्रती होत्या. एक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाची, दुसरी दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून काढलेली. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या मध्यभागी सापडला. झांशीचा वेढा त्याने आतून पाहिला; लुटला गेला; अयोध्या, काशी करून गंगेची कावड घेऊन परतला. सुमारे पाव शतकानंतर वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सगळे लिहून काढले. वैद्यांनी ते छापताना भाषा सारखी केली, काही गाळले, काही हलवले. भटजींच्या बोलण्यातला घरगुतीपणा, पैशाची सतत चाललेली मोजदाद, भीती आणि भूक यांची अनलंकृत नोंद ही पोतदारांच्या प्रतीत जशी भेटते तशी आधीच्या प्रतीत भेटत नाही. संपादकाने केलेली ही शुद्धी सद्भावनेची होती, आणि बहुधा कालानुरूप सावधपणाचीही. परंतु तिने भटजींना थोडे अधिक इतिहासकार आणि थोडे कमी भटजी केले, असे म्हणावे लागते.

ज्या भूमीवर हे पुस्तक वाचले जात होते तिची स्वतःची त्या सालातली गोष्ट आहे. ३० जून १८५७ रोजी सर हेन्री लॉरेन्स लखनौहून सैन्य घेऊन निघाला आणि चिनहटजवळ इस्माईलगंजच्या परिसरात त्याचा पराभव झाला. कडक ऊन, उपाशी शिपाई, फुटलेले तोफखान्याचे लोक. हत्तीने ओढून आणलेली आठ इंची तोफ मागे टाकून, कुकरैलच्या पुलावरून इंग्रज फौज पळाली आणि लगोलग रेसिडेन्सीचा वेढा सुरू झाला. लॉरेन्स २ जुलैला जखमी झाला, ४ जुलैला मेला. भटजी त्या वेळी उत्तरेच्या वाटेवर होते. कुकरैल आज नाला म्हणून ओळखला जातो. पावसाचे चार दिवस सोडले तर त्याला नदी म्हणणे जड जाते.

समोरच्या घरातली मुलगी हिंदीत एम. ए. करते. पाणी उतरल्यावर ती आली तेव्हा बाईंच्या हातातले पुस्तक पाहून म्हणाली, "यह तो 'आँखों देखा गदर' है।" अमृतलाल नागरांनी केलेला 'माझा प्रवास'चा हिंदी अनुवाद तिने वाचलेला होता. नागर लखनौच्या चौकातले. घराणे गुजराती, काही वर्षे मुंबई-कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत काढलेली, त्यामुळे मराठीशी परिचय. याच नागरांनी पुढे अवधभर हिंडून लोकांच्या आठवणी गोळा केल्या आणि १९५७ साली 'गदर के फूल' लिहिले. वरसईच्या भटजीचे कथन अशा रीतीने एका गुजराती कुळातल्या हिंदी लेखकाच्या हातून अवधात आले. भारतीय साहित्य ही संज्ञा आपण चर्चासत्रांतून मोठ्या आवाजात वापरतो. ती प्रत्यक्षात घडते ती अशा एखाद्या कपाटाच्या आजूबाजूला. मात्र एक गोष्ट त्या मुलीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते: पोतदारांची प्रत नागरांच्या अनुवादानंतर आली. तिने वाचलेले भटजी हे वैद्यांनी नीटनेटके केलेले भटजी होते.

बाईंनी तिला मूळ प्रत वाचून दाखवायला सुरुवात केली. तोपर्यंत राखी झाली होती, मुलीचा सावन संपला होता. उरलेला पंधरवडा बाईंचा एकट्यांचा होता. लिपी एकच असल्याने मुलगी अक्षरे लावून पुढे जाई आणि ओळखीच्या शब्दांवरच अडखळे. 'शिक्षा' म्हणजे तिला शिकवण, बाईंना दंड. 'राग' तिला गाण्यातला, बाईंना रागावण्यातला. संगीतशिक्षकाच्या मुलीला या गोंधळाची मौज वाटली. 'संसार मोडला' याचा अर्थ तिने "दुनिया टूट गयी" असा केला. बाईंनी समजावले, की मराठीत संसार म्हणजे चूल, भांडी, नवरा, मुले, उसनवारी, रोजचे जगणे. मुलगी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "तो वही हुआ न, बुआजी?" बाईंनी तिचे भाषांतर खोडून काढले नाही. झांशीबद्दल बोलणे चालले होते. तेथे दोन्ही अर्थ लागू होते.

मुलीने एकदा विचारले, इतकी पुस्तके पुण्याला नेणार का? पुण्यात ती सगळी मिळतात, म्हणून कोणी घेणार नाही. येथे एकही मिळत नाही, तरी कोणी घेणार नाही. बाईंनी हे उत्तर मनातच ठेवले आणि तिला चहा करायला सांगितले. शहरातल्या एका ग्रंथालयाने केवळ हिंदी आणि इंग्रजी पुस्तके घेऊ असे कळवले होते. एका संस्थेने पत्राला उत्तर दिले नव्हते.

पिठोरीपर्यंत दीड कपाट वाचून झाले. न वाचलेली पुस्तके बाईंनी नियम मोडून खोक्यांत भरली, आणि खोक्यांवर वर्गीकरणाचे आकडे मात्र सवयीने घातले. आईची पोथी त्यांच्या पिशवीत गेली. वैद्यांची प्रत रद्दीत जाऊ नये म्हणून त्यांनी ती दोनदा खोक्यातून काढली आणि दोनदा परत ठेवली. पोतदारांची प्रत मुलीकडे होती. ती झांशीच्या वेढ्यापर्यंत एकटीने पोचली होती, समासात पेन्सिलीने हिंदी अर्थ लिहीत. ज्या शब्दांपुढे तिने प्रश्नचिन्हे घातली होती त्यांची यादी तिने बाईंना दिली. यादीत त्रेचाळीस शब्द होते. बाईंनी ती पुण्याच्या गाडीत वाचायला घेतली, तेव्हा त्यांतल्या सहा शब्दांचा अर्थ त्यांनाही सांगता येईना.