ओटा कोणाच्या कोपराचा?

उंच माणसाची कंबर धरते ती सिंकपाशी. गॅसपुढे उभं राहून तासभर पुऱ्या तळल्या तरी त्याला फारसं काही होत नाही, पण दहा मिनिटं भांडी घासली की कमरेवर हात ठेवून सरळ व्हावं लागतं. घर नवं करताना मात्र सगळी चर्चा ग्रॅनाइटच्या रंगावर आणि ट्रॉल्यांच्या शटरवर रंगते. ओटा किती उंच ठेवू म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "नेहमीसारखा." नेहमीसारखा म्हणजे किती, असं पुढे विचारलं की यजमान गवंड्याकडे बघतात आणि गवंडी माझ्याकडे.

मी सोलापुरात घरांच्या अंतर्रचनेची कामं करते, त्यातही स्वयंपाकघरांची जास्त. आमच्याकडची नेहमीची उंची म्हणजे ३२ ते ३४ इंच, गवंड्याच्या तोंडी पावणेतीन फूट. माप चुकीचं नाही. भारतीय बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे आणि तेवढ्या उंचीच्या बाईला हा ओटा बरोबर बसतो. अडचण होते ती पावणेसहा फुटांची सून घरात आल्यावर, नाहीतर सहा फुटांचा मुलगा स्वतःची भाजी स्वतः चिरायला लागल्यावर. हल्ली दोन्ही होतंय, आणि दोन्ही चांगलंच आहे.

मुळात उभा ओटा हीच आपल्याकडे अलीकडची गोष्ट. आज्या-पणज्या बसून स्वयंपाक करत. चूल जमिनीवर, बूड पाटावर, विळी पायाखाली. बसल्यावर माणसांच्या उंचीतला फरक बराचसा मिटतो, कारण उंच माणसाची उंची पुष्कळशी पायांत असते आणि मांडी घातली की ती दुमडून जाते. मग गॅस आला. शेगडी सिलिंडरपेक्षा वर हवी, हा सुरक्षेचा साधा नियम. घरगुती सिलिंडर दोन फुटांहून थोडं उंच, त्यावर रेग्युलेटर, नळीला वळायला जागा, आणि वर कडप्पा. एवढं सगळं धरलं की ओटा अडीच फुटांच्या खाली जाऊच शकत नाही. पेठांमधल्या जुन्या घरांतले ओटे मी टेप लावून बघते तेव्हा माझी खात्री पटत जाते, की ही उंची बाईच्या कोपरापेक्षा सिलिंडरच्या डोक्याकडे बघून ठरलेली आहे.

दगडाचं म्हणाल तर सोलापूरला त्याची कधी वानवा पडली नाही. शहाबाद आमच्याच रेल्वेमार्गावर, वाडीच्या अलीकडे. कडप्पा आंध्रातून येतो. खाली शहाबादी फरशी, वर काळा कडप्पा, ही इथल्या कित्येक घरांची जोडी. उभ्या कडप्प्यांवर आडवा कडप्पा टेकवला की ओटा तयार. कोणाला तो किती उंच हवा, हे विचारायची पद्धत नव्हती.

ही पद्धत फक्त आपल्याकडेच नव्हती असं नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, आणि सुमारे दहा हजार घरांत ते जसंच्या तसं बसलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. बाईंनी एक शहाणपण केलं होतं: खिडकीजवळच्या कामाच्या जागेपाशी फिरतं स्टूल दिलं होतं, म्हणजे चिरणं-निवडणं बसून व्हावं. पुढे जगाने ते स्वयंपाकघर उचललं आणि स्टूल तिथेच सोडलं. सोलापुरालाही दहा हजारांचे आकडे नवे नाहीत. विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची. तिचा लोकार्पण सोहळा २००६ साली झाला. शेजारच्या रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. एवढ्या संख्येने घरं बांधायची तर घरागणिक माप बदलता येत नाही, हे मी समजू शकते. पण जो माणूस स्वतःचा प्लॉट घेऊन, स्वतःच्या पैशाने, आर्किटेक्ट लावून बंगला बांधतो, त्याने ओट्याला सरासरी माप का लावावं?

माप घ्यायला काही विद्या लागत नाही. स्वयंपाकघरात चप्पल घालून वावरत असाल तर चप्पल घालून, नाहीतर अनवाणी, भिंतीला लागून ताठ उभं राहायचं. हात कोपरात काटकोनात वाकवायचा. जमिनीपासून कोपराच्या हाडापर्यंत दुसऱ्याला टेप धरायला सांगायचं. साधारणपणे हा आकडा आपल्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या जवळ येतो. पाच फुटांच्या बाईचा कोपर ३८ इंचांवर, पाच फूट आठ इंचांच्या बाईचा ४३ वर, सहा फुटांच्या पुरुषाचा ४५ वर. चिरणं, निवडणं, लाटणं अशा हलक्या कामाची पातळी कोपराच्या खाली ४ ते ६ इंच हवी. म्हणजे पहिलीला ३२ ते ३४, दुसरीला ३७ ते ३९, तिसऱ्याला ३९ ते ४१. नेहमीच्या ओट्यापुढे हा तिसरा माणूस रोज सात इंच वाकतो.

ज्यांना आकडे पडताळून बघायचे असतील त्यांच्यासाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक काढलेलं आहे. आमच्या व्यवसायात अजूनही जर्मनीच्या नॉयफर्टचं १९३६ सालचं पुस्तक उघडून तिकडची मापं उतरवणारे आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता खरी मेख. ओटा एक दिसतो, पण त्यावरची कामं वेगवेगळ्या उंचीवर चालतात. सिंकचं काम सिंकच्या तळाशी होतं, आणि तळ ओट्याच्या सात-आठ इंच खाली असतो. म्हणजे ३३ इंचांच्या ओट्यातलं सिंक म्हणजे प्रत्यक्षात २५-२६ इंचांवरचं काम, उंच माणसाच्या मांडीपाशी. गॅसचं नेमकं उलटं. शेगडीच चार-पाच इंचांची, तीवर कुकर किंवा पातेलं. ढवळणारा हात ओट्याच्या फूटभर वर चालतो. म्हणून उंच माणसासाठी सगळा ओटा सरसकट वर उचलायची गरज नसते. सिंक वर घ्यायचं, चिरायची जागा वर घ्यायची, गॅस आहे तिथे राहू द्यायचा. सिंकची कड कोपराच्या खाली दोन-तीन इंचांवर असली की उभ्या-उभ्या भांडी होतात. पाहुण्यांना हे सिंक बघून गंमत वाटते. वाटू द्या.

सोलापुरात एक चौथं काम असतं, आणि परदेशी पुस्तकांत ते सापडणार नाही. भाकरी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी पीठ गरम पाण्यात घेऊन रगडावंच लागतं, नाहीतर थापताना कडा चिरतात. रगडणारी बाई नीट बघा. जोर मनगटातून येत नसतो. हात जवळजवळ सरळ, खांदे पुढे आणि अंगाचा भार परातीवर. मग थापताना एक हात कडेला, दुसऱ्याची बोटं पसरलेली, आणि भाकरी परातीत गोल फिरत मोठी होत जाते. यासाठी परात कोपराच्या खाली सहा-सात इंच तरी हवी. ती वर आली की खांदे कानाला लागतात, जोर निघून जातो, भाकरी जाड होते. कडक भाकरी करणाऱ्या बाईला तर हे सांगायलाच नको. तिथे पापडासारखी पातळ थापावी लागते आणि एका बैठकीत ढीग निघतो. त्यातल्या पुष्कळ जणी आजही खाली बसून थापतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

तेव्हा उंच सून आली म्हणून उत्साहाने अख्खा ओटा ३८ इंचांवर नेला, की तिची चिरण्याची सोय होते आणि सासूबाईंची भाकरी जाते. जुळे सोलापुरातल्या एका घरात हीच पंचाईत होती, फक्त पात्रं वेगळी. काका सहा फुटांचे, निवृत्त; भाजी आणि भांडी त्यांच्याकडे. काकू पाच फुटांच्या; भाकरी आणि फोडणी त्यांची. काकूंचं म्हणणं, "ह्यांच्यासाठी उंच केलात तर मी काय शिडी लावून भाकऱ्या करू?" ओटा इंग्रजी एलच्या आकाराचा होता. लांब बाजूवर गॅस आणि भाकरीची जागा ३२ इंचांवर ठेवली. आखूड बाजू उचलली: सिंकची कड ४२ वर, आणि त्याला लागून चिरायचा दीड फुटांचा पट्टा ४० वर. दोन्ही पायऱ्या एल वळतो त्या कोपऱ्याच्या पलीकडेच घेतल्या. गॅसच्या दोन्ही अंगांना किमान दीड फूट सपाट जागा लागतेच. उकळत्या आमटीचं पातेलं उतरवताना हाताखाली पायरी आली तर भाजण्याला आमंत्रण.

बुटक्या माणसाने पायाखाली पाट घ्यावा आणि ओटा उंचाच्या मापाने करावा, हा सल्ला कारखान्यांत चालतो. तिथे ते बरोबर आहे, फळी सलग असते. स्वयंपाकघरात, तापलेल्या तेलापुढे, हातभर पाटावरून उतरचढ करायची हे मला मंजूर नाही.

तयार ओटा उचलायचा तर सगळं फोडावं लागतं असं नाही. खाली काँक्रीटचा ओटा असेल तर त्यावर आडव्या विटेचा एक थर आणि वर ग्रॅनाइट, एवढ्यात चार-साडेचार इंच मिळतात. पातळ कडप्प्याच्या पायांवर उभ्या ओट्यावर हा बोजा घालू नये. तिथे पायच बदलावेत. मॉड्युलरवाल्यांचं गणित ठरलेलं: ७२० मिलिमीटरची पेटी, १०० चे पाय, २० चा दगड, बेरीज ८४०, म्हणजे परत आपले ३३ इंच. पाय फिरवून दोनेक इंच वाढतात. त्याहून जास्त हवं असेल तर पेटीखाली विटेचं जोतं बांधून घ्यावं. पण ओटा उचलण्याआधी भिंतीकडे बघा. खिडकीची चौकट, नळाची तोटी, मिक्सरचा प्लग, वरची कपाटं हे सगळं जुन्या उंचीला धरून बसवलेलं असतं. चिमणीचं तर खास बघा. शेगडीपासून ती २६ ते ३० इंचांवर लावतात. ३२ चा ओटा, ५ ची शेगडी आणि २६ इंच अंतर म्हणजे तिची कड ६३ इंचांवर, सहा फुटी माणसाच्या नाकासमोर. कंपनी सांगेल तेवढ्या जास्तीत जास्त उंचीवर लावा, आणि तिरकी घ्या.

आणि पायाला जागा. उघड्या कडप्प्याच्या ओट्याखाली पाऊल आपोआप आत जायचं. ट्रॉल्या आल्या आणि ती जागा गेली. खाली चार इंच आत घेतलेली पट्टी नसेल तर मोठ्या पावलांचा माणूस ओट्यापासून लांब उभा राहतो, आणि उंची कितीही अचूक असली तरी पुढे वाकतोच.

भाड्याच्या घरात यातलं काही करता येत नाही, हे खरं. तिथे सुताराकडून चार-पाच इंच उंचीचा, खाली रबर लावलेला सागवानी पाट करून घ्यावा आणि त्यावर चिरावं. सिंकमध्ये एक घमेलं पालथं घालून त्यावर भांड्यांचं टोपलं ठेवावं. दिसायला ओबडधोबड, पण फराळाच्या आठवड्यात एवढ्यानेही पाठ वाचते.

नवीन घर बांधणाऱ्यांना मात्र एकच विनंती. ओट्याचं माप गवंड्याला तोंडी देऊ नका. ओटा पुष्कळदा फरशी बसण्याआधी उभा राहतो, आणि मग खालचा माल आणि फरशी मिळून दोन-तीन इंच गिळतात; ३८ सांगितलेला ओटा ३५ चा होऊन तुमच्या हाती येतो. घरात भांडी कोण घासतं, भाजी कोण चिरतं, भाकरी कोण करतं हे आधी ठरवा, त्या-त्या माणसाचा कोपर मोजा, आणि नकाशावर प्रत्येक आकड्यापुढे "तयार फरशीपासून" हे दोन शब्द लिहून गवंड्याची सही घ्या.